घर हेच आरोग्यधाम
क्षयरोगावरील गृहोपचाराचा अनुभव आणि त्यातून मिळणारा धडा

(जागतिक क्षयरोग दिनानिमित्त ग्रामपंचायत सदस्य, आशा स्वयंसेविका व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'खाट रिकामी नाही' हे तीन शब्द रुग्णालयाच्या दारात ऐकावे लागले नाहीत असे कुटुंब सापडणे कठीण. घरातील कर्ता माणूस आजारी पडतो, नातेवाईक त्याला एस. टी. ने, बैलगाडीने, प्रसंगी उचलून तालुक्याच्या नाही तर जिल्ह्याच्या गावी आणतात, आणि तेथे हे उत्तर मिळते. मग उरतात दोनच मार्ग. रुग्णालयाच्या आवारात मुक्काम ठोकून वाट पाहात राहायचे, किंवा आले तसे परत जायचे. परत गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद बहुधा कोणत्याच वहीत होत नाही.

गंभीर आजार म्हटला की खाट आणि खाट नाही म्हणजे उपचार नाही, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. पण याच देशात सुमारे सात दशकांपूर्वी, खाटांच्या घोर टंचाईच्या काळात, एका जीवघेण्या रोगाच्या बाबतीत हे समीकरण प्रयोगाच्या कसोटीवर पारखले गेले आणि ते चुकीचे ठरले. तो रोग म्हणजे क्षय. त्या प्रयोगाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली. त्याने काय सिद्ध केले आणि त्याचबरोबर कोणती जबाबदारी आपल्यावर टाकली, हे आज पुन्हा समजून घेणे अगत्याचे आहे.

चारशे रुग्णांमागे एक खाट

क्षय हा आपल्याकडील फार जुना रोग. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने या रोगाचे जंतू शोधून काढल्याचे बर्लिन येथे जाहीर केले. रोगाचे कारण कळले, तरी त्यावरील औषध हाती यायला आणखी साठ वर्षे जावी लागली. या मधल्या काळात वैद्यकाजवळ उपाय होते ते विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार एवढेच. त्यासाठी डोंगरमाथ्यावर व गावाबाहेरच्या कोरड्या हवेत आरोग्यधामे उभारली गेली. महाराष्ट्रात पाचगणी येथे आणि मिरजेजवळ वानलेसवाडी येथे अशी आरोग्यधामे निघाली. मुंबईत शिवडीचे क्षयरोग रुग्णालय उभे राहिले. रुग्णाने महिनोन् महिने, कित्येकदा वर्ष-दोन वर्षे, तेथे पडून राहावयाचे, दूध-अंडी खावयाची, आणि काहींच्या बाबतीत रोगग्रस्त फुफ्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत हवा भरून ते दाबून ठेवावयाचे, असा तो उपचार होता.

हा उपचार घेता येणारे किती होते? स्वातंत्र्यापूर्वी देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण असावेत आणि दरवर्षी सुमारे ५ लाख माणसे या रोगाने दगावत असावीत, असा समितीचा अंदाज होता. त्यांच्यासाठी देशात खाटा होत्या सुमारे ६ हजार. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून अधिक रुग्ण. प्रत्येक रुग्णाला वर्षभर खाट द्यावयाची म्हटले, तर एकही नवा रुग्ण न वाढता ही रांग संपावयास चारशे वर्षे लागली असती.

मुंबईच्या गिरणगावात या आकड्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. कोकणातून वा घाटावरून आलेला कामगार दहा-बाराजणांच्या गाळ्यात राहायचा, पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा. खोकला धरला, अंगात बारीक ताप राहू लागला, थुंकीतून रक्त पडले की त्याची गिरणी सुटायची. खाट मिळत नसे, गाळ्यात ठेवून घ्यायला सोबती बिचकत. मग तो आपली वळकटी घेऊन गावी जायचा. गावाकडच्या हवेने बरे वाटेल ही आशा असायची. औषध मात्र गावी नसायचे, आणि घरातील लेकराबाळांना त्याच्याबरोबर आलेल्या रोगाची बाधा व्हायची.

पुढे १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर नमुना पाहणी केली. क्षय हा दाटीवाटीच्या शहरांचा रोग होय, ही तोवरची समजूत. पाहणीत दिसले ते वेगळेच. खेड्यापाड्यांतही या रोगाचे प्रमाण शहरांच्या जवळपास होते. देशातील बहुसंख्य जनता खेड्यांत राहात असल्याने बहुसंख्य रुग्णही खेड्यांतच होते. शहरात रुग्णालये बांधून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

मद्रासचा प्रयोग

दरम्यान एक मोठी घटना घडली होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. त्यापाठोपाठ पी. ए. एस. हे औषध आले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड या औषधाचा गुण सिद्ध झाला. आयसोनियाझिड स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि प्रभावी होते. क्षय प्रथमच औषधाने बरा होऊ लागला. साहजिकच एक प्रश्न पुढे आला. रुग्ण बरा होतो तो औषधाने, की औषधाबरोबर मिळणाऱ्या विश्रांतीने, आहाराने आणि शुश्रूषेने? औषधानेच होत असेल, तर ते घरी देऊन का चालणार नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने ते उभे राहिले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे कामाची सूत्रे होती.

शहरातील गरीब वस्त्यांमधून १९३ रुग्ण निवडण्यात आले. हे रुग्ण सौम्य दुखण्याचे नव्हते. त्यांच्या थुंकीत जंतू होते आणि बहुतेकांच्या फुफ्फुसांत रोगाने पोकळ्या पाडल्या होत्या. कोणी घरी राहावयाचे आणि कोणी आरोग्यधामात जावयाचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा रुग्णाच्या ओळखीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविले गेले. दोन्ही गटांना औषधे तीच, आयसोनियाझिड व पी. ए. एस., आणि मुदतही तीच, एक वर्षाची.

आरोग्यधामातील रुग्णांना खाट होती, परिचारिका होत्या, चांगले अन्न होते, सक्तीची विश्रांती होती. घरच्या रुग्णांना यांपैकी काहीच नव्हते. लहानशा खोलीत सारे कुटुंब राहात होते. अन्न बेताचे होते. बरे वाटू लागताच त्यांतील पुष्कळजण पोटासाठी पुन्हा कामाला लागले. त्यांच्यासाठी केंद्राने एकच व्यवस्था केली होती, पण ती कसोशीने सांभाळली. रुग्णाने आठवड्यातून एकदा केंद्रात येऊन आठवड्याचे औषध न्यावयाचे. आला नाही तर आरोग्य कर्मचारी त्याच्या घरी हजर. अधूनमधून पूर्वसूचना न देता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजावयाच्या आणि औषध पोटात गेले आहे की नाही हे पाहण्यासाठी लघवी तपासावयाची. घरातील इतर माणसांचीही वेळोवेळी तपासणी करावयाची.

वर्ष संपले तेव्हा आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता. घरच्या रुग्णांत हे प्रमाण ८६ टक्के होते. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, हे खरे. पण जंतूंचा नायनाट होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यात उरलासुरला फरकही राहिला नाही. अगदी थोडे खाऊन, दाटीवाटीत राहून, काम करून माणसे बरी झाली होती. उलट घरापासून दूर राहणे न सोसल्याने आरोग्यधामातील काही रुग्ण उपचार पुरे होण्यापूर्वीच निघून गेले होते.

सर्वांत मोठी भीती होती ती संसर्गाची. रुग्ण घरी ठेवला तर मुलाबाळांना रोग होणार, अशी शंका घेतली जात होती. कुटुंबीयांच्या पाच वर्षांच्या तपासणीत असे दिसले की, रुग्ण घरी राहिला म्हणून कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण वाढले नाही. धोका होता तो रोगाचे निदान होण्यापूर्वीच्या काळातला. औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गशक्ती झपाट्याने कमी होते. घरात माणूस खोकत असतो, त्याला कोणी दवाखान्यात नेत नाही, तेच महिने घातक असतात.

१९५९ मध्ये या प्रयोगाचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या काळात जगभर क्षयरोगाची आरोग्यधामे ओस पडत गेली. श्रीमंत देशांनीही मद्रासच्या गरीब वस्तीतील हा धडा गिरविला. मद्रासचे ते केंद्र पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या रूपाने वाढले, आणि आजही त्याचे कार्य चालू आहे.

निम्माच गिरविलेला धडा

या संशोधनाच्या पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखण्यात आला. तीन वर्षे आधी, १९५९ मध्ये, बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली होती. तिच्यातील डॉ. डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन या संशोधकांनी खेड्यांतील रुग्णांचा अभ्यास करून १९६३ मध्ये एक मार्मिक गोष्ट उघड केली. खेड्यातला माणूस अडाणी, त्याला रोगाची जाणीव नसते, असे मानले जात असे. प्रत्यक्षात संसर्गजन्य रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे लोक स्वतःहून दवाखान्यात गेलेले होते. तेथून खोकल्याचे औषध घेऊन ते परत आले होते. त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती. म्हणजे रुग्ण दारापर्यंत आला होता, व्यवस्थाच त्याला ओळखावयास चुकली होती.

नव्या कार्यक्रमात उपचार घरी, औषध मोफत आणि केंद्र जिल्ह्यात अशी मांडणी होती. परंतु मद्रासच्या प्रयोगातील अर्धाच भाग सर्वत्र पोहोचला. औषध घरी देण्याची रीत रूढ झाली. आठवड्याची हजेरी, घरी जाऊन चौकशी, गोळ्यांची मोजणी आणि चुकलेल्या रुग्णाचा शोध हा उरलेला अर्धा भाग ठिकठिकाणी गळून पडला. रुग्णाने महिन्याचे औषध न्यावयाचे, पुढच्या महिन्यात तो आला तर आला. दोन महिन्यांत ताप उतरे, खोकला थांबे, अंगात जोर येई. मग बरे झालो असे समजून तो औषध सोडून देई. कधी औषधच संपलेले असे. १९९२ मध्ये भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांनी केलेल्या पाहणीत हेच दोष पुढे आले. निदान थुंकीऐवजी क्ष-किरण चित्रावर विसंबून होत होते, औषधांचा पुरवठा खंडित होत होता, आणि उपचार पुरे न करणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते.

अर्धवट उपचाराचे फळ उपचार न करण्यापेक्षाही वाईट असते. शरीरातील चिवट जंतू उरतात, औषधाला दाद देईनासे होतात, आणि तोच औषधप्रतिरोधी रोग दुसऱ्याला लागतो.

या अनुभवानंतर १९९३ पासून सुधारित कार्यक्रमाची चाचणी सुरू झाली, १९९७ पासून त्याचा विस्तार झाला आणि २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत त्याचा कणा होती. या पद्धतीचे मूळही मद्रासच्या केंद्रातच होते. आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत औषध देण्याचा प्रयोग तेथे १९६४ पूर्वीच झाला होता. गोळी रुग्णाच्या हातावर ठेवून तो ती गिळेपर्यंत समोर उभे राहणाऱ्या अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, दुकानदार यांच्यामुळे घर हे खऱ्या अर्थाने उपचाराचे स्थान बनू लागले. २०२० मध्ये या कार्यक्रमाला राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम हे नाव देण्यात आले.

खाट कोणासाठी?

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, क्षयरुग्णाला खाटेची गरजच नाही. मद्रासच्या प्रयोगाने सांगितले ते इतकेच की, बहुसंख्य रुग्णांना खाटेवाचून बरे करता येते. उरलेल्या थोड्यांना खाट लागते, आणि तीही तातडीने. सर्वांसाठी खाटा अडवून ठेवल्या नाहीत, तरच ज्याला ती खरोखर हवी त्याच्यासाठी ती रिकामी राहील.

क्षयाने होणारे बरेचसे मृत्यू उपचार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात. औषध चालू असते, पण शरीर इतके झिजलेले असते की औषधाचा गुण येईपर्यंत ते तग धरीत नाही. हे ओळखून तमिळनाडू राज्याने २०२२ मध्ये एक उपक्रम हाती घेतला. निदान होताच प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीची काही साधी मापे घ्यावयाची. उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी आहे काय? श्वास मिनिटाला २४ पेक्षा अधिक वेळा चालतो काय? रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांहून कमी आहे काय? आधाराशिवाय उभे राहता येते की नाही? वजन कमी असून दोन्ही पायांवर सूज आहे काय? यासाठी लागतो एक वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, घड्याळ आणि बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर. ही तपासणी करायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. तीत जो गंभीर ठरेल त्याला विलंब न लावता रुग्णालयात दाखल करावयाचे आणि त्याची प्रकृती सावरली की पुढील उपचारासाठी घरी पाठवावयाचे, अशी ही योजना आहे.

२०२० व २०२१ या वर्षांत कोविडच्या महामारीने खाटांची टंचाई शहरी सुखवस्तू घरांनाही दाखवून दिली. तेव्हाही रुग्णांना घरी ठेवावे लागले, आणि तेव्हाही प्राणवायूचे माप घसरताच रुग्णालयात हलवावयाचे, हाच नियम उपयोगी पडला. घरी ठेवलेला रुग्ण दुर्लक्षित राहिला तर दगावतो. त्याच्यावर कोणाची तरी रोज नजर असेल, तर घर सुरक्षित ठरते.

औषधाला अन्नाची जोड

मद्रासच्या प्रयोगात आहार कमी असूनही रुग्ण बरे झाले, यावरून अन्नाचे महत्त्व नाही असा समज करून घेणेही चुकीचे होईल. जंतूंचा नाश औषध करते. झिजलेल्या शरीराला उभे करते ते अन्न. भारतात क्षय आणि भूक यांचे नाते फार निकटचे आहे.

झारखंड राज्याच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. २,८०० रुग्णांना सहा महिने दरमहा १० किलोचा शिधा देण्यात आला. त्यांच्या कुटुंबीयांचे दोन गट करून एका गटातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यात आली. ज्या कुटुंबांना हा शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि फुफ्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही बरेच कमी होते. घरात एक रुग्ण असेल तर त्याच्या ताटाबरोबर सबंध घराचे ताट भरले पाहिजे, हा या अभ्यासाचा सांगावा होय.

शासनाच्या निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून उपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ही रक्कम वेळेवर खात्यात पडते की नाही, रुग्णाचे खाते आहे की नाही, ते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे पाहण्यासाठी गावातील जाणत्या माणसाने अर्धा तास दिला, तरी पुष्कळ काम होते.

घरातील उपचाराची शिस्त

साध्या क्षयाचा उपचार आज सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, रोजच्या रोज, वजनाच्या मानाने. औषधे मोफत मिळतात. पूर्वी औषधप्रतिरोधी क्षयासाठी दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत आणि त्यात महिनोन् महिने वेदनादायक सुया टोचून घ्याव्या लागत. आता केवळ गोळ्यांनी सहा महिन्यांत होणारी नवी उपचारपद्धती भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केली आहे. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हा सारा उपचार घरी राहून करता येतो. त्यासाठी कुटुंबाने काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळल्या पाहिजेत.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट, रात्रीचा घाम किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे दिसताच थुंकी तपासून घ्यावी. खोकताना तोंडावर रुमाल धरावा. थुंकी झाकणाच्या डब्यात धरून तिची नीट विल्हेवाट लावावी. रुग्णाची खोली हवेशीर असावी, खिडकी उघडी असावी. त्याची ताटवाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही, कारण हा रोग भांड्यांतून नव्हे, हवेतून पसरतो. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी आणि लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध द्यावे.

औषध सुरू झाल्यावर लघवीला नारिंगी-तांबडा रंग येतो. त्याने घाबरून औषध थांबवू नये, तो औषधाचाच रंग असतो. परंतु डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे किंवा दृष्टी अंधूक होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बसल्या जागी धाप लागणे, थुंकीतून बरेच रक्त पडणे, उभे राहता न येणे, पायांवर सूज येणे, यांपैकी काहीही झाले तर रुग्णालयाची वाट धरावी. दर महिन्याला रुग्णाचे वजन करून ते कार्डावर लिहावे. वजन चढत असेल तर उपचार योग्य दिशेने चालला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आणि बरे वाटू लागले तरी औषध सोडू नये. सहावा महिना हा पहिल्या महिन्याइतकाच महत्त्वाचा असतो.

महाराष्ट्राची साक्ष

गंभीर रुग्णाला घरी वाचविता येते, याची एक साक्ष महाराष्ट्राच्या भूमीतही मिळाली आहे. ती क्षयाची नव्हे, नवजात बालकांची आहे. गडचिरोली जिल्ह्यात रुग्णालय दूर आणि जन्मलेले बाळ महिनाभर घराबाहेर न काढण्याची रूढी. अशा स्थितीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना बाळाचा श्वास मोजणे, वजन करणे, ऊब देणे आणि जंतुदोष झालेल्या बाळाला औषध व इंजेक्शन देणे शिकविले गेले. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि पुढे २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत घरोघरच्या नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर राबविला जाऊ लागला.

मद्रासची वस्ती आणि गडचिरोलीचे जंगल यांत शेकडो मैलांचे आणि चार दशकांचे अंतर. पण दोन्हीकडे दिसले ते एकच. खाट नसतानाही रुग्ण वाचला, कारण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक माणूस त्याच्या दारात येत होता आणि काय पाहावयाचे, केव्हा रुग्णालयात न्यावयाचे, हे त्या माणसाला ठाऊक होते.

गावाची जबाबदारी

रुग्णालयांच्या खाटा वाढल्या पाहिजेत, यात वाद नाही. ते शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याचा आग्रह जनतेने धरलाच पाहिजे. गृहोपचार हे खाटांच्या टंचाईवर घातलेले पांघरूण होता कामा नये. रुग्णाला घरी पाठवून हात झटकणे याला गृहोपचार म्हणत नाहीत. त्याला घरी ठेवायचे तर औषध अखंड मिळाले पाहिजे, चौकशी नियमित झाली पाहिजे आणि प्रकृती ढासळल्यास त्याच्यासाठी खाट राखून ठेवलेली असली पाहिजे. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसली तरी घर हे आरोग्यधाम राहात नाही.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आजही आपल्या देशात आहेत. त्यांतील अनेकजण रोगापेक्षा लोकनिंदेला अधिक भितात. मुलीचे लग्न मोडेल, भाड्याची खोली सोडावी लागेल, कामावरून काढतील, या भीतीने ते खोकला दडवितात, दूरच्या गावी जाऊन तपासून घेतात आणि औषधाची पाकिटे लपवून ठेवतात. अशा घरी आरोग्य कर्मचारी उघडपणे जाऊ शकला नाही, तर मद्रासच्या साऱ्या संशोधनाचा उपयोग शून्य. रुग्णाला बिनधास्तपणे औषध घेता येईल असे वातावरण निर्माण करणे हे डॉक्टरांचे काम नव्हे. ते ग्रामपंचायतीचे, शाळेचे, महिला मंडळाचे आणि शेजाऱ्यांचे काम आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावात आज कोण औषध घेत आहे आणि कोणाचे औषध चुकले आहे, याची आशा ताईकडे आपुलकीने चौकशी करावी. रुग्णाचे नाव चावडीवर घेऊ नये, त्याच्या दारी मात्र जावे. सहा महिने पुरे करून बरा झालेला माणूस गावात असेल, तर नव्या रुग्णाकडे त्यालाच प्रथम पाठवावे. त्याच्या सांगण्याला जो आधार असतो, तो कोणत्याही भाषणाला येणार नाही.

गिरणगावातून वळकटी घेऊन गावी परतणाऱ्या त्या कामगाराला औषध मिळाले नाही, कारण ते त्याच्या गावापर्यंत पोहोचत नव्हते. आज औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. तेथून ते रुग्णाच्या हातापर्यंत, आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, पोहोचविण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.